जलरंग : थोडं पाणी, थोडं इंजिनिअरिंग

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी इंग्लिश मिडियमची. बालवाडी ते दहावी कॉन्व्हेंट, त्यामुळे मराठी म्हणजे आठवड्यातले मोजके तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची धावपळ. अजूनही कुणी 'एकोणसत्तर' म्हटलं की मी मनात आधी आकडा लिहून बघते. मराठी विभागासाठी लिही म्हणून मैत्रीण मागे लागली तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. पण जो विषय डोक्यात होता तो मला इंग्लिशमध्ये सांगता येईना. तो मला आजोबांनी शिकवला, आणि मराठीत शिकवला. 'ओल बघ', 'रंग सोड', 'आता हात उचल' याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात ते मला खरंच ठाऊक नाही. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला आणि पुढे वाचा.

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक चित्र आहे. ११ × १५ इंचाचं, म्हणजे फुल शीटचा पाव भाग. कोपऱ्यात पेन्सिलने 'प्रयाग चिखली, जानेवारी १९८६' असं लिहिलंय. आजोबा गावाकडच्या हायस्कुलात ड्रॉइंगचे सर होते आणि रविवारी सकाळी बोर्ड घेऊन नदीवर जायचे. चित्रात थंडीतली सकाळ आहे. मागे जोतिबाचा डोंगर आणि त्यामागे पन्हाळ्याची पुसट रेघ. मधे उसाचे फड, बाभळीची तीन झाडं, एका गुऱ्हाळाच्या धुराड्यातून सरळ वर गेलेला धूर. माणूस एकही नाही. आणि खाली नदी.

म्हणजे खाली नदी होती. आता चित्राचा खालचा अर्धा भाग म्हणजे मळकट तपकिरी डाग आहे आणि त्यात कुठेकुठे हिरव्याची छटा. मधून आडवी, वेडीवाकडी, गडद रेघ गेलीय. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "हे अर्धंच का?" मग आई सांगते, "२०१९ च्या पुरात गेलं." तेवढ्यावर विषय संपतो.

मला मात्र तो विषय संपल्यासारखा वाटत नाही. मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाणी कसं वाहतं, कसं मुरतं, कसं चढतं हे आपण तीन वर्षं घोकतोय. एका संध्याकाळी फ्लुइड मेकॅनिक्सची वही उघडी ठेवून मी त्या चित्राकडे बघत बसले होते, तेव्हा लक्षात आलं की चित्र झालं कसं आणि गेलं कसं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्या वहीत आहेत. तीच इथे सांगते.

पांढरा रंग कुठे असतो?

आजोबांच्या रंगपेटीत पांढऱ्याची ट्यूब नव्हती. लहानपणी मला वाटायचं ती संपली असेल. मी वाढदिवसाच्या पैशातून एक आणून दिली, तर त्यांनी ती हसत हसत माझ्या पोस्टर कलरच्या डब्यात टाकली.

जलरंग म्हणजे रंगाची बारीक पूड आणि डिंक. हा डिंक बाभळीच्या जातीतल्या झाडाचा असतो. रंग वाळून कडक होऊ नये म्हणून त्यात थोडा मध किंवा ग्लिसरीन घालतात. पाणी घातलं की डिंक विरघळतो, पूड मोकळी होते. पाणी उडून गेलं की डिंक पुन्हा घट्ट होतो आणि पूड कागदाला चिकटून राहते. एवढंच. पण हा थर इतका पातळ असतो की प्रकाश त्यातून आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि त्याच थरातून परत आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. म्हणजे प्रकाश दोनदा गाळला जातो. तैलरंगात किंवा पोस्टर कलरमध्ये आपण रंगाचा पृष्ठभाग बघतो. जलरंगात रंगाच्या मागचा कागद बघतो.

म्हणून जलरंगात पांढरं रंगवत नाहीत, कोरं ठेवतात. गुऱ्हाळाचा तो धूर आजोबांनी काढलेला नाहीच. त्याच्या दोन्ही बाजूंचं आकाश आणि झाडं काढली, मधली जागा सोडली. एक कडा कोरडी ठेवली, दुसरी ओल्या ब्रशने जरा सैल केली, की झाला धूर. काठावर बसलेला बगळा म्हणजे नखाएवढा कोरा कागद.

यात एक अडचण आहे. कुठे पांढरं हवं हे पहिला ब्रश लावायच्या आधी ठरवावं लागतं. एकदा रंग गेला की पूर्ण पांढरं परत मिळत नाही. आपल्या ड्रॉइंग शीटवर रबर मारून मारून भोक पडेपर्यंत सुधारणा करता येते, इथे ती सोय नाही. आजोबा बोर्ड मांडीवर घेऊन अर्धा अर्धा तास नुसते बसायचे. आजी म्हणायची, "चित्र काढाय गेलाय का झोपाय?" ते तेव्हा काय न करायचं ते ठरवत असायचे.

उतार, थेंब आणि घाई

आकाश काढताना बोर्ड सपाट ठेवत नाहीत. मागे एखादं पुस्तक लावून साधारण १० ते १५ अंशांचा उतार देतात. वरच्या कडेला भरपूर पाणी असलेल्या रंगाचा एक आडवा पट्टा मारला की त्याच्या खालच्या काठाला रंगाची जाड, फुगीर धार जमते. गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढतं, पृष्ठताण तिला धरून ठेवतो. पुढचा पट्टा त्या धारेला नुसता टेकवत खाली न्यायचा. प्रत्येक पट्ट्याला थोडं थोडं पाणी वाढवलं की वर गडद निळं आणि क्षितिजाशी फिकट, असं आकाश आपोआप उतरतं. याला वॉश म्हणतात. जोर लावायचाच नाही. काम उतार करतो, आपण फक्त धार तुटू द्यायची नाही.

बिघडतं कुठे? आपल्या घाईत. वॉश अर्धा वाळलेला असताना 'इथे जरा ढग हवा होता' म्हणून तुम्ही ओला ब्रश टेकवला, की नवीन पाणी कमी ओल्या भागाकडे पसरतं, जाताना रंगाचे कण ढकलत नेतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दातेरी कडा उठते. पूर्ण ओल्या कागदावर रंग सोडला तर तो मऊ पसरतो, पूर्ण कोरड्यावर स्पष्ट कडा मिळते. मधल्या अवस्थेत हात लावला की वाट लागते. ती अवस्था ओळखायची खूण म्हणजे चमक. कागद तिरका धरून बघायचा. पाण्याची आरशासारखी चमक असेल तर वेळ आहे, चमक मंद झाली की हात उचलायचा.

वाळतानाही पाणी स्वस्थ बसत नाही. टेबलावर चहाचा थेंब सांडून वाळला की मधे फिकट आणि कडेला गडद वर्तुळ राहतं, हे आपण कॅन्टीनमध्ये रोज बघतो. १९९७ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात याचं कारण मांडलं. थेंबाची कडा जागेवर अडकून बसते आणि बाष्पीभवन कडेला जास्त होतं. तिथली तूट भरून काढायला मधलं पाणी सतत कडेकडे वाहत राहतं आणि बरोबर कण घेऊन जातं. जलरंगातल्या डागाला जी नाजूक गडद किनार येते ती हीच. आजोबांना हा पेपर माहीत असण्याचं कारण नाही, पण बाभळीच्या पानांचे ठिपके त्यांनी असेच थेंब टेकवून केलेत. प्रत्येक ठिपक्याला किनार आहे आणि ती पाण्याने स्वतः काढलीय.

कणांचीही गंमत आहे. अल्ट्रामरीनसारख्या रंगाचे कण कागदाच्या खडबडीत पृष्ठभागावरच्या खळग्यांत जाऊन बसतात, त्यामुळे वाळल्यावर दाणेदार पोत दिसतो. जोतिबाच्या उतारावर तो इतका बरोबर पडलाय की खडक आणि झुडपं वेगळी काढायची गरजच पडली नाही. उलट काही हिरवे आणि निळे रंग इतके बारीक कणांचे असतात की ते तंतूंत शिरतात आणि धुतलं तरी निघत नाहीत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डोंगर निळे का, नदी दोन रंगांची का?

कोल्हापुरातल्या कुठल्याही उंच गच्चीवरून वायव्येला बघा. जोतिबा निळसर दिसतो, पन्हाळा त्याहून फिका. जवळ गेलं की दोन्ही डोंगर हिरवे-तपकिरीच आहेत. मधल्या हवेमुळे असं होतं. हवेचे रेणू लाल प्रकाशापेक्षा जांभळा-निळा प्रकाश कितीतरी जास्त विखुरतात. तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. ४०० आणि ७०० नॅनोमीटरची तुलना केली तर हा फरक सुमारे ९ पट येतो. डोंगर जितका लांब तितकी मधली हवा जास्त, तितका हा विखुरलेला निळा प्रकाश डोंगराच्या गडद रंगावर चढत जातो. सकाळी नदीकाठी धुकं असेल तर त्यातले पाण्याचे थेंब सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून डोंगर निळ्याऐवजी पांढुरके दिसतात. शांत खेड्याच्या चित्रात जी 'लांबवर' वाटणारी जागा असते ती अशी येते. मागे फिकं, गार, कडा सैल. पुढे गडद, उबदार, कडा स्पष्ट. तीन-चार थरांत आठ-दहा किलोमीटर अंतर पाव शीटवर मावतं.

नदी जरा अवघड. लहान मुलं (आणि मीसुद्धा) नदी निळी रंगवतात. नदीला स्वतःचा रंग फार कमी असतो. तुम्ही काठावर उभं राहून पायाजवळ सरळ खाली बघितलंत तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परतवतं, म्हणून आतला गाळ आणि दगड दिसतात. नजर जसजशी तिरपी होत जाते तसं हे प्रमाण झपाट्याने वाढतं आणि पलीकडच्या काठाजवळचं पाणी जवळपास आरसा होतं. म्हणून चित्रात नदीचा पुढचा भाग मातकट-हिरवा आणि मागचा भाग आकाशाचा. प्रतिबिंबातही सरळ नक्कल चालत नाही. गडद झाड पाण्यात किंचित फिकं दिसतं, पांढरा बगळा किंचित मळका. आणि प्रतिबिंब म्हणजे सावली नव्हे. सावली सूर्याच्या दिशेप्रमाणे तिरकी पडते, प्रतिबिंब नेहमी बघणाऱ्याकडे सरळ खाली येतं.

आजोबांच्या नदीत हे सगळं होतं. मी तिच्याकडे बघत मोठी झाले, पण नीट बघितली कधीच नाही. आज मला आठवतो तो बगळ्याखालचा एक मळका पांढरा ठिपका, आणि तोही खरा आठवतो की माझ्या मनाने भरलाय, ते सांगता येणार नाही. तिचा साधा फोटोही कुणी काढून ठेवला नव्हता.

कोटितीर्थाचा शेजारी

आता जरा आपल्या गावाबद्दल. कोल्हापूरला कलानगरी म्हणतात हे आपण भाषणांत ऐकतो आणि विसरतो. पण जलरंगातल्या निसर्गचित्राचं नाव काढलं की इथे पहिलं नाव येतं आबालाल रहिमान यांचं. जन्म १८६० च्या आसपासचा. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले, तिथे त्यांनी नाव कमावलं. मुंबईत राहून साहेबांची आणि शेठजींची पोर्ट्रेट करत बसता आलं असतं. ते कोल्हापूरला परत आले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला, आणि ते कोटितीर्थ तलावाच्या काठी राहून चित्रं काढत राहिले. १९३१ मध्ये त्यांचं निधन झालं.

कोटितीर्थ म्हणजे आपल्या शाहू मिलजवळचं तळं. मी त्या रस्त्याने कितीतरी वेळा गाडी काढली असेल, तळ्याकडे मान वळवली नव्हती. आबालाल यांनी तेच तळं वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या प्रकाशात पुन्हा पुन्हा काढलं. घराच्या दारातलीच जागा, पण सकाळचं पाणी दुपारच्या पाण्यासारखं नसतं. वर सांगितलेलं हवेचं आणि प्रतिबिंबाचं गणित त्यांनी समीकरणाशिवाय, नुसतं रोज बघून सोडवलं होतं.

त्यांच्याबद्दल कोल्हापुरात एक गोष्ट सांगतात. मे १९२२ मध्ये शाहू महाराज गेले, आणि त्या दुःखात आबालाल यांनी आपली असंख्य चित्रं कोटितीर्थात सोडून दिली. गोष्ट आहे, कितपत खरी ते सोडा. पण जलरंग कशाने बनतो हे कळल्यावर ती ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. तैलचित्र पाण्यात पडलं तर काही काळ तग धरेल. जलरंगाचा डिंक लगेच सुटायला लागतो. तळ्याचं चित्र तळ्यातच विरघळणार.

उरलेल्यांपैकी काही चित्रं टाऊन हॉल म्युझियममध्ये बघायला मिळतात. १८७० च्या दशकात मेजर मँट यांच्या आराखड्यावर बांधलेली ती इमारत सिव्हिलच्या मुलांनी तशीही बघायला हवी. राजारामपुरीत चित्रपट अभिनेते चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. ते बाबूराव पेंटरांच्या तालमीतले. पडद्यावर शिवाजी महाराज उभे करणारा हा माणूस उरलेल्या वेळात निसर्गचित्रं काढायचा.

पुराने काय केलं?

प्रयाग चिखली म्हणजे जिथे नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते ते गाव. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी आणि गुप्त सरस्वती. चित्रात जितकी शांत दिसते तितकी ती जागा नेहमी नसते. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली. मी नववीत होते. आजी-आजोबांना नावेतून काढून आमच्याकडे आणलं. आजोबांच्या हातात औषधांची पिशवी होती आणि आजीच्या हातात देव. चित्र भिंतीवर राहिलं.

आठवड्याने आम्ही घर उघडलं तेव्हा भिंतीवर सगळीकडे एका उंचीला गाळाची रेघ होती आणि ती बरोबर चित्राच्या मधून गेली होती. काचेच्या आत गाळ शिरला होता. डोंगर, आकाश, धूर जागेवर. नदी गेलेली.

आता वहीकडे येऊ. जो भाग पाण्याखाली गेला तिथला डिंक विरघळला आणि खळग्यांत नुसते बसलेले कण, म्हणजे निळे आणि मातकट रंग, गाळाबरोबर सुटून गेले. तंतूंत शिरलेला हिरवा तेवढा राहिला, म्हणून आजही खाली हिरवी छटा दिसते. पण पाणी पुराच्या रेषेवर थांबलं नाही. कागद म्हणजे तंतूंमधल्या बारीक बारीक नळ्या, आणि नळी जितकी अरुंद तितकं पाणी उंच चढतं, हे केशाकर्षण आपण प्रॅक्टिकलला काचेच्या नळीत मोजलंय. चित्रात ते रेषेच्या वर दीड इंच चढलंय. चढताना कागदातली विरघळणारी घाण आणि सुटलेला रंग घेऊन गेलं, आणि जिथे चढण्याचा वेग आणि वाळण्याचा वेग सारखा झाला तिथे ते सगळं ओझं टाकलं. ती मधली गडद वेडीवाकडी रेघ म्हणजे मोठ्या आकाराचं चहाच्या थेंबाचं वर्तुळच आहे. ज्या नियमाने बाभळीच्या पानांना किनार आली, त्याच नियमाने हेही घडलं.

उरलेलं नुकसान आम्ही केलं. काकूने मायेने ओल्या फडक्याने गाळ पुसला, त्याबरोबर काठावरची बाभूळही थोडी गेली. मी चित्र लवकर वाळावं म्हणून कडक उन्हात ठेवलं, कागद पापडासारखा वळला. आता वाचल्यावर कळतं की ओलं चित्र पुसायचं नाही. काच आणि फ्रेम हलक्या हाताने काढायची, चित्र टिपकागदावर उताणं सपाट ठेवायचं, सावलीत आणि वाऱ्यावर वाळवायचं. साधारण ४८ तासांत बुरशी धरू शकते, म्हणून घाई हवी, पण ती वारा देण्याची, ऊन देण्याची नव्हे. हे आधी माहीत असतं तर नदी परत आली नसती, पण एक झाड वाचलं असतं. आपल्या जिल्ह्यात पूर २००५ मध्ये आला, २०१९ मध्ये आला, २०२१ मध्ये आला. घराघरांत भिंतीवर फोटो आहेत, कुणाच्या आजीचा, कुणाच्या लग्नाचा. त्यामुळे हा परिच्छेद चित्रकलेत रस नसलेल्यांनीही लक्षात ठेवावा.

पूर नसला तरी धोका आहेच. प्रकाशाने रंग उडतो. ॲलिझरिन क्रिमझनसारखा लाल तर फारच लवकर. म्हणून संग्रहालयांत कागदावरच्या चित्रांसाठी ५० लक्सच्या आसपासचा मंद प्रकाश ठेवायची पद्धत आहे. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या राष्ट्रीय कलादालनाला १९०० मध्ये टर्नर या इंग्रज चित्रकाराची ३८ जलरंगचित्रं मिळाली, ती देणाऱ्याच्या अटीसह. वर्षात फक्त जानेवारीत, म्हणजे तिकडचा प्रकाश सगळ्यांत क्षीण असताना ती दाखवायची. सव्वाशे वर्षांनीही जानेवारीतच लोक ती बघायला जातात. आपल्याकडे ऊन भरपूर आणि जुलैत हवेत दमट ओल, म्हणून खिडकीसमोरची आणि ओल येणारी भिंत दोन्ही टाळायच्या. मागे साधा पुठ्ठा लावू नका, त्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडतो.

परत काढता येईल का?

मागच्या दिवाळीत मी आजोबांना म्हटलं, "खालचा भाग परत काढा ना. जागा तीच, तुम्ही तेच." त्यांनी काही न बोलता चित्र फ्रेममधून काढलं, ब्रश साध्या पाण्यात बुडवला आणि तपकिरी भागाच्या अगदी कोपऱ्यात एक थेंब टेकवला. थेंब टिपकागदावर पडावा तसा क्षणात आत गेला.

"बघ," ते म्हणाले. "खळ गेली."

जलरंगाच्या कागदाला बनवताना जिलेटिनसारखी खळ दिलेली असते, म्हणून पाणी काही वेळ वर थांबतं आणि आपल्याला काम करायला मिळतं. पुराच्या पाण्याने ती खळ धुऊन नेली होती. त्या कागदावर आता धार जमणार नाही, वॉश उतरणार नाही, कडा मिळणार नाही. आकाश काढलं तो कागद आणि खालचा कागद, एकाच शीटचे असून आता एक नाहीत. मी काय बोलणार? हा साधा मटेरियल टेस्टिंगचा रिझल्ट होता.

मग ते म्हणाले, "नवा कागद घे. मी बसतो बाजूला."

त्या जानेवारीत आम्ही एका रविवारी संगमावर गेलो. त्यांचा हात आता थरथरतो म्हणून ब्रश माझ्याकडे. बोर्डाखाली माझी हायड्रॉलिक्सची टेक्स्टबुक लावून उतार केला (जाड आहे, तेवढा उपयोग झाला). पहिली वीस मिनिटं त्यांनी मला काहीच करू दिलं नाही, नुसतं बघायला लावलं. मी घड्याळ बघत होते, ते डोंगर बघत होते. मग आकाश सुरू केलं. धार छान जमली, निम्म्यापर्यंत खरंच उतरली, आणि नेमकं तेव्हा मला वाटलं की उजवीकडे जरा फिकं हवंय. मी ओला ब्रश टेकवला. फ्लॉवरचा गड्डा उठला. भला मोठा, दातेरी, आकाशाच्या मध्यावर.

मी कागद काढून टाकायला लागले. आजोबांनी बोर्डावर हात ठेवला.

"राहू दे. ढग तू काढला नाहीस, पण बरा झालाय. आता खाली ये. नदीला हात लावू नकोस अजून, वाळू दे."

ते चित्र सध्या माझ्या टेबलावर आहे. त्यात डोंगर आहे, झाडं आहेत, एक नको असलेला ढग आहे. नदीची जागा अजून कोरी आहे. सबमिशन संपली की पुन्हा जाणार आहे. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर सांगा. कागद मी आणेन, उतारासाठी पुस्तक ज्याचं त्याने आणावं.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी